इंजिनापाशी धर

आमच्या घरात गेला महिनाभर एकाच गोष्टीवरून भांडण चाललं होतं: माझी पुढची मोटारसायकल कार्बोरेटरवाली घ्यायची की इंजेक्शनवाली. हसू नका. लोक जमिनीवरून भांडतात, पाहुण्यांवरून भांडतात, आम्ही इंजिनात पेट्रोल कसं शिरावं यावरून भांडत होतो. नवरा मेकॅनिक असला की नशिबी हेच येतं. त्यात मी मुळातली तापट, आणि खांदा मोडून हात गळ्यात बांधलेला, म्हणजे आगीत तेलच.

मी लस टोचणारी नर्स आहे. खालच्या दवाखान्यातून लशीची गार पेटी उचलायची, गाडीच्या मागे पट्ट्याने आवळायची आणि खिंड चढून वरच्या वस्त्यांवर जायचं. पेटीतला बर्फ वितळायच्या आत पोचलं पाहिजे. उशीर झाला की लस वाया जाते आणि पोरं तशीच घरी जातात, वर आया आपल्याला नावं ठेवतात, ती वेगळी. बस खिंडीच्या अलीकडेच थांबते. म्हणून मला गाडी लागते, आणि ती चालती लागते.

आता वर हवा विरळ आणि थंडी बोचरी. कार्बोरेटरच्या गाडीला ते सोसत नाही. पेट्रोल तेवढंच येत राहतं, हवा कमी पडते, मग प्लग काळा होतो, गाडी खोकते, काळा धूर ओकते आणि नेमकी चढावर बसकण मारते. इंजेक्शनच्या गाडीत तो हिशेब गाडीच करते. हवा कमी झाली की पेट्रोल कमी सोडते, कुणाला विचारत नाही. हे मला दवाखान्याच्या ड्रायव्हरने समजावून सांगितलं होतं, आणि मला पटलं होतं.

पण आमच्याकडे त्याच्यावरचा उपाय आधीपासून होता. उपाय म्हणजे आमचे हे.

बाजारात ह्यांना कानसेन म्हणतात. कुणी गाडी ढकलत आणली की हे हातातलं काम सोडायचेसुद्धा नाहीत, नुसतं म्हणायचे, "चालू कर." दोन क्षण मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, इंजिनातला टॅपेट सैल होऊन टकटकतो आहे, नाहीतर चेन ताणली आहे, नाहीतर काही झालेलं नाही, उगाच घाबरतोस. शंभरातल्या नव्वदांत तेच निघायचं. उरलेल्या दहांना हे गाडी वापरायची अक्कल नाही म्हणून झापायचे.

तर माझी गाडी वर कुरकुर करायला लागली की मी कडेला घ्यायची आणि ह्यांना फोन लावायची. मी "अहो" म्हणायच्या आत तिकडून यायचं, "बोलू नकोस. इंजिनापाशी धर." मी वाकून फोन इंजिनापाशी धरायची. मग हे सांगायचे, हवेचा स्क्रू पाव फेरा सोड, किंवा चोक अर्धा ओढ, किंवा प्लग काढून पूस. मी तसं करायची आणि गाडी चढ चढायची. वर्षानुवर्षं असं चाललं. आमच्या लग्नात गोड बोलणं फार झालं नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या खिंडीत, बोटं गारठलेली असताना, फोनमधून तो आवाज आला की मला वाटायचं, चला, आपलं माणूस आहे.

मग ते पडणं झालं. उतरताना गाडीतून एक नवीनच खडखड यायला लागली. मी थांबले, फोन लावला. "बोलू नकोस. इंजिनापाशी धर." धरला. जरा वेळ गेला, मग हे म्हणाले, "टॅपेट आहे, नेहमीचाच. ये हळूहळू." मी हळूहळू निघाले. उतार संपत आला असताना इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मी गाडीसकट डोंगराच्या बाजूला आपटले. दुसऱ्या बाजूला आपटले असते तर हे सांगायला इथे नसते. पेटी फुटली, खांदा मोडला. गाडीच्या पोटाला दगड लागून खालचा बोल्ट सैल झाला होता आणि सगळं तेल वाटेत गळून गेलं होतं. ती खडखड टॅपेटची नव्हती, तेलाशिवाय मरणाऱ्या इंजिनाची होती.

ह्यांनी दवाखान्यात माझा हात धरला, रडले. मी ह्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही गं." मी म्हटलं, जाऊ दे, वारा असतोच तिथे. त्या दिवशी वारा होता की नव्हता हे मला आठवत नव्हतं.

खांदा जुळत आला तशी गाडीची गोष्ट निघाली. दवाखान्यातून निरोप आला होता की महिना संपायच्या आत कामावर ये, नाहीतर वरच्या वस्त्या दुसऱ्या नर्सकडे जातील. मी म्हटलं, आता इंजेक्शनवाली. हे म्हणाले, आता तर कार्बोरेटरवालीच.

"तुला कळत नाही," हे म्हणायचे. "ती बंद पडली की पडली. पंप गेला, सेन्सर गेला, वायर तुटली, तर खिंडीत बसून काय करशील? भजन? तिला उघडायला कॉम्प्युटर लागतो. कार्बोरेटर स्क्रूड्रायव्हरने उघडतो. मी फोनवर आहेच."

"तुम्ही फोनवर होतातच की," मी म्हटलं.

मग हे जेवताना उठून गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. आमच्यात शब्द परत घ्यायची पद्धत नाही.

खरं सांगायचं तर ह्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. ड्रायव्हरच्या भावाची इंजेक्शनची गाडी एकदा भर रस्त्यात बंद पडली आणि टेम्पोत घालून आणावी लागली. स्क्रू पिळून चालू होईल असं तिच्यात काही नसतं. ती चालते तेव्हा देवासारखी चालते, आणि नाही चालली तर देवासारखीच ऐकत नाही. तेव्हा मी रोज सकाळी इंजेक्शनच्या बाजूने उठायची आणि संध्याकाळी कार्बोरेटरच्या बाजूने झोपायची. दुधाने तोंड पोळलेलं, ताक तरी कुठलं प्यायचं ते कळेना.

घरी बसून होते म्हणून मी त्या दिवसांत ह्यांच्या गॅरेजवर जाऊन बसायला लागले. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे काळं तेलकट अंगण, आणि शेजारी टायरवाल्याचं दुकान. टायरवाला ह्यांचा दोस्त, जिभेला हाड नसलेला. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा हे एका गाडीवर वाकले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं होतं. पूर्वी त्याची मूठ हे कानाला लावायचे, बरेच मेकॅनिक लावतात, आतला आवाज त्यातून वर येतो. आता मूठ दातांत धरली होती.

"बघा वहिनी," टायरवाला म्हणाला, "आमचे कानसेन आता दातसेन झाले."

मी हसले. हेही हसले, पण जरा उशिरा हसले. "दातांतून बारीक कळतं," हे म्हणाले. मला काय, मी म्हटलं, असेल.

अजून एक गोष्ट तिथे बसून माझ्या कानावर आली. ह्यांना स्वतःच्या कामाचा फार गर्व चढला होता. पूर्वी गाडी सेट केली की हे खुसपटं काढत बसायचे, अजून जरा उद्धट चालते आहे, अजून जरा खाली घेऊ. आता एकदा स्क्रू फिरवला की मान डोलवायचे. "हात बसलाय आता माझा," म्हणायचे. "हल्ली मी सोडतो ती गाडी लोण्यासारखी चालते." आणि एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं, म्हणालं की अजून फटफट करते, तर हे त्याच्यावर उखडायचे. लोकांचे नखरे वाढलेत, म्हणायचे. मला वाटलं, वय झालं की माणूस असाच होतो, स्वतःवर खूश आणि जगावर नाराज.

मी वस्त्यांवर आयांना विचारत फिरते, पोर हाक मारल्यावर वळतं का, टाळी वाजवल्यावर दचकतं का. तो प्रश्न मी माझ्या घरात विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांची गाडी विकायला काढली. शाळेत चित्रकला शिकवणारे हे मास्तर म्हणजे फार टापटिपीचा माणूस. गाडी कार्बोरेटरवाली, पण टाकीवर ओरखडा नाही, आणि जन्मापासून आमच्या ह्यांच्याच हाताखालची. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. "अशी गाडी परत मिळायची नाही," हे म्हणाले. "तू चालवून तर बघ. पहिल्या वळणापर्यंत वर जा, थांब, फोन लाव. मी इथून ऐकतो आणि सांगतो. पटली नाही तर नको."

मी म्हटलं ठीक. मनातून मी तेव्हा जवळजवळ तयार झाले होते. हेही सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही आधीपासूनच खोट शोधत होती. ह्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला वाटलं, घ्यावी हीच. इतकी वर्षं गेली, अजून थोडी जातील.

सकाळची वेळ, ऊन छान होतं, हातही गळ्यातून सुटला होता. गाडी खाली सपाटीवर बरी चालली. चढाला लागल्यावर जरा घुटमळली, पण चढली. वळणावर मी कडेला घेतली, स्टँडवर लावली, इंजिन चालूच ठेवलं, हातमोजा काढला आणि फोन लावला.

"बोलू नकोस," हे म्हणाले. आवाजात काय उत्साह होता. "इंजिनापाशी धर."

मी वाकले. मी फोन खाली नेते तोवर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली.

मी फोन तसाच धरून राहिले, वाकलेल्या कंबरेने. आता वर घेऊन सांगावं, अहो बंद पडली, असं मनात येईपर्यंत ह्यांचा आवाज आला. फोन मोठ्या आवाजावर होता, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"वा," हे म्हणाले. "बघ कशी गोड चालते आहे. एक काम कर, हवेचा स्क्रू केसभर सोड, बस. आता ऐक... हं. झालं. लोण्यासारखी. ये खाली."

मी कुठे स्क्रूला हात लावला होता? आजूबाजूला कसलाही आवाज नव्हता. एक पान हलत नव्हतं. वारा नव्हता. फोन बंद झाला तरी मी तशीच वाकून उभी होते, त्या गप्प इंजिनासमोर, बावळटासारखी.

मग मला तो उताराचा दिवस आठवला. त्या दिवशीही वारा नव्हता. फोन धरल्यावर जरा वेळ गेला होता, मला वाटलं होतं हे लक्ष देऊन ऐकतायत.

मला आधी राग आला. दया नंतर आली, आणि तीही रागाला ढकलत ढकलत आली. मेला खोटारडा, मी मोठ्याने म्हटलं, तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून. माझ्या हाडांशी खेळला हा माणूस. मग स्क्रूड्रायव्हर दातांत धरलेलं ते तोंड डोळ्यांपुढे आलं. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. प्लग पुसून, चोक ओढून गाडी चालू करायला मला बराच वेळ लागला.

खाली आले तर अंगणात सगळे होते. मास्तर पांढऱ्या शर्टात, टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, दोन गिऱ्हाइकं बाकावर. हे मास्तरांना सांगत होते, "इथे बसून ऐकलं मी. फोनवर. एवढासा फरक होता, काढून टाकला."

मी गाडी लावली आणि ह्यांच्याजवळ गेले. अगदी जवळ. चारचौघांत नवऱ्याचं झाकलेलं उघडं करू नये, एवढी अक्कल मलाही आहे. मी हळूच म्हटलं, "मला ही नको. तुमच्या कानाच्या भरवशावर मी वर जाणार नाही."

हे हात पुसत होते. माझ्याकडे बघून हसले, मान डोलावली. "म्हटलं नव्हतं?" मास्तरांकडे वळून म्हणाले. "आवडली तिला." आणि त्यांनी सौदा पक्का करायला हात पुढे केला.

मी तो हात धरला. "अहो, इकडे बघा. मी नको म्हणाले."

"हो गं, ते मी बघून देतो," हे म्हणाले. कशाला हो म्हणाले देव जाणे.

तेव्हा मला कळलं की माझी चांगलीच गोची झाली आहे. जी गोष्ट ह्यांच्या कानात सांगायची होती ती कानात सांगता येत नव्हती. ह्यांना ऐकू जाईल एवढ्याने सांगायची तर ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाणार होती. आणि गप्प बसले तर मास्तर हात मिळवणार, आणि पुढच्या आठवड्यात मी पेटी बांधून त्या खिंडीत. मास्तरांचा हात पुढे आलेला होता.

मी ओरडले. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही! इंजिन बंद होतं. मी बंद इंजिनापाशी फोन धरला होता."

टायरवाल्याच्या हातातली ट्यूब पाण्यात सुटली. बाकावरचे दोघे एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. मास्तरांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. हे सगळ्यांकडे एकेक करून बघत होते, जणू कुणीतरी म्हणेल की ही काहीतरीच बोलते आहे.

"हळू बोल," हे म्हणाले. "लोक ऐकतायत."

मास्तर भले माणूस. शाळेची वेळ झाली म्हणाले, सुट्टीचा दिवस होता तरी. गाडी चालू न करता ढकलत घेऊन गेले. टायरवाल्याने बाकावरच्या दोघांना चहाला म्हणून ओढून नेलं. आम्ही दोघंच उरलो. हे गॅरेजच्या आत जाऊन स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून. मी दुसरं स्टूल ओढलं आणि भिंत आणि ह्यांच्यामध्ये बसले, गुडघ्याला गुडघा लावून, म्हणजे माझं तोंड दिसेल.

"कधीपासून?" मी विचारलं. मोठ्याने, एकेक शब्द.

"ठाऊक नाही." बराच वेळ हातातलं फडकं गुंडाळत राहिले. "आधी टॅपेटचा आवाज कमी झाला. सगळ्याच गाड्यांचा. मला वाटलं मी छान सेट करायला लागलोय."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. एवढा गाढव माणूस, आणि एवढा सरळ. जग मुकं होत चाललं तर ह्यांना वाटलं आपला हात सुधारला.

"मग कळलं कधी?"

"तू पडलीस तेव्हा."

"वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही म्हणालात."

"वारासुद्धा ऐकू आला नव्हता." हे माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळे वर करत नव्हते. "काहीच नाही. नुसतं घूं... असं. तेसुद्धा माझ्याच डोक्यातलं."

"मग टॅपेट आहे, ये हळूहळू, हे कुठून आलं?"

"तू फोन धरून वाट बघत होतीस," हे म्हणाले. "काहीतरी म्हणायला हवं होतं ना."

मी ह्यांच्या मांडीवर एक चापटी मारली, जोरात, दुखत्या हाताने, आणि मलाच कळ आली. "मी मेले असते," मी म्हटलं. "एका बाजूला दरी होती. मी तिथे मेले असते आणि तुम्ही इथे टॅपेट टॅपेट करत बसला असता."

"माहीत आहे."

"आणि तरी कार्बोरेटरच हवा? लाज नाही वाटली?"

"वाटली. पण इंजेक्शनवाली घेतली की तू मला काय विचारणार? तिच्यात माझं कामच नाही." मग थांबून म्हणाले, "मला वाटलं पुढच्या वेळी नीट ऐकू येईल. लक्ष देऊन ऐकलं तर येईल."

मी ह्यांना त्या दिवशी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की मोठ्याने बोलले आणि ते सगळं ह्यांना ऐकू गेलं. शेवटी घसा बसला तेव्हा म्हटलं, गाडीचं नंतर, आधी कानाचा डॉक्टर. हे नको म्हणाले नाहीत. त्याचीच मला भीती वाटली, कारण हे कधीच एका दमात हो म्हणत नाहीत.

कानाचा डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाली. तिने ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाली. मी काचेच्या बाहेर. ती बटणं दाबत होती, मला बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि आत हे गुडघ्यावर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते, बोट खालीच. मला वाटलं आत जाऊन ह्यांचं बोट मीच वर करावं. आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी बसल्याने असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाली, गेलेलं परत येत नाही, मशीन लावलं तर बरंच भागेल. पहिले काही दिवस सगळं कर्कश वाटेल, घाबरू नका.

मशीन मिळालं त्या दिवशी आम्ही तिथून सरळ गॅरेजवर गेलो. वाटेत हे माझ्या चपलांच्या आवाजाकडे बघत होते. म्हणाले, "तू पाय घासत चालतेस." मी म्हटलं, "लग्नापासून." मला बरं वाटलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आता हे ऐकतील, मी मास्तरांची गाडी घेईन, बाजारात परत कानसेन.

टायरवाल्याची गाडी अंगणात उभी होती. ह्यांनीच मागच्या आठवड्यात सेट करून दिलेली, लोण्यासारखी. हे तिच्यापाशी गेले, किक मारली. खाली बसले नाहीत, मान तिरकी केली नाही. नुसते उभे राहिले.

मला ती गाडी कशी चालते ते रोज ऐकू येत होतं. फटफटत होती, मधेच घसरत होती, तिच्या पोटात काहीतरी डबड्यासारखं वाजत होतं. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, असंच असणार, आणि ह्यांनीच बघितली आहे म्हटल्यावर ठीकच असणार.

हे ऐकत राहिले. मग हात लांब करून गाडी बंद केली.

"ही मी दिली?" टायरवाल्याला विचारलं.

"हो की." टायरवाल्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही. "बरी चालते, कानसेन. माझी काही तक्रार नाही."

"कधीपासून अशी चालते?"

तो खाली वाकून ट्यूब पुसायला लागला.

मी म्हटलं, "मशीनमुळे कर्कश वाटतं. ती बाई म्हणाली नव्हती का?" भर बाजारात ओरडून खरं सांगणारी मी, आता हळू आवाजात खोटं बोलत होते, आणि नेमकं आता ह्यांना हळू बोललेलं ऐकू येत होतं.

"मशीन बरोबर आहे," हे म्हणाले. बाकावर बसले. बोटांवर मोजायला लागले, मग मोजायचं सोडून दिलं. मला कळलं की हे गाड्या मोजत होते, ह्यांच्या हाताखालून गेलेल्या. लोकांचे नखरे म्हणून ज्यांना हाकलून दिलं होतं ती माणसं मोजत होते. त्या सगळ्या गाड्या कुठल्या कुठल्या रस्त्यांवर, कुठल्या कुठल्या उतारांवर अशाच चालत होत्या.

"तू असल्या गाडीवर बसून वर जात होतीस," हे म्हणाले, "आणि मला सांगत नव्हतीस?"

"तुम्ही छान चालते म्हणायचात," मी म्हटलं. "मला वाटायचं, असेल छान."

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग कानामागचं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "इंजेक्शनवाली घे."

मी भांडण जिंकले होते. मला जिंकायचं नव्हतं, एवढंही मला ह्यांना सांगता आलं नाही, कारण आता ह्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ओरडायला माझ्यात जीव उरला नव्हता. मी शेजारी बसले आणि ह्यांचा तेलकट हात हातात घेतला. टायरवाला आत जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी चाकात हवा भरायला लागला.